निवडणुकीच्या मोसमात मंडळी एकत्र ठेवताना

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमधल्या विश्वासणाऱ्यांच्या समुदायात, राजकारणावरून फूट पडायला लागली की ती कानांच्या आधी डोळ्यांना कळते. वर्षानुवर्षं पुढे बसणारं कुटुंब दाराजवळच्या रांगेत सरकतं. उपासनेनंतर रेंगाळणारी माणसं शेवटच्या आशीर्वादाबरोबर बाहेर पडतात. गायनवृंदातलं कोणी सरावाला येईनासं होतं, विचारलं तर वेळ नाही म्हणतं. मोठ्याने वाद घालणारे मात्र दर रविवारी हजर असतात. वाद घालायला समोर कोणीतरी लागतंच, त्यामुळे ते सहसा सोडून जात नाहीत. जातात ती गप्प झालेली माणसं. मंडळी जोडून ठेवण्याच्या कामात नव्याने पडणारे सगळे जण आधी भांडणाऱ्यांना आवरायला धावतात. आम्हीही तेच केलं. भांडणं थांबली आणि रिकाम्या जागा वाढल्या.

म्हणून कामाची सुरुवात एका साध्या वहीपासून करावी. दोन वडिलांनी (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एल्डरांनी) महिनाभर फक्त एवढंच टिपायचं: कोण आलं नाही, कोण नेहमीच्या सेवेतून बाजूला झालं, कोण कोणाशी बोलायचं थांबलं. कोणाचा कल कोणत्या पक्षाकडे आहे हे त्या वहीत कधीच लिहायचं नाही. अशी यादी एकदा झाली की ती बाहेर पडतेच, आणि मग पुढचं कुठलंच पाऊल टाकता येत नाही.

वेळेचा हिशेबही आधीच करावा लागतो. मतदानाच्या आधी किमान चार महिने हातात हवेत. शेवटच्या सहा आठवड्यांत नवं काही सुरू करू नये. त्या दिवसांत पाळकाने (पास्टरने) साधा स्तोत्राचा एखादा भाग वाचला तरी तो कोणाच्या बाजूने वाचला याचीच चर्चा होते. तोवर जे उभं राहिलं असेल तेच तेव्हा कामाला येतं.

चार महिने का, तर पहिले दोन वडीलमंडळीचे आणि नंतरचे दोन मंडळीचे. वेगळ्या मतांच्या माणसांनी एकमेकांचं ऐकण्याच्या ज्या बैठका मंडळीत घ्यायच्या त्या आधी वडिलांनी आपसात घ्यायच्या. इथे टाळाटाळ फार होते. ‘आमच्यात मतभेद नाहीत’ असं सांगितलं जातं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण सगळेच वडील एका बाजूचे असणं हीच मोठी अडचण आहे. त्यांना जे मत हवेसारखं सहज वाटतं ते दुसऱ्या कोणाला दर रविवारी टोचत असतं, आणि हे त्यांना सांगणारं कोणी त्या खोलीत नसतं. अशा वेळी वडील नसलेल्या, वेगळ्या मताच्या दोघांना बैठकीत बोलवावं. एकालाच बोलवू नये. एकटा असला की त्याच्याकडे माणूस म्हणून कोणी पाहत नाही, तो ‘त्या बाजूचा प्रतिनिधी’ होऊन बसतो.

या तयारीत शास्त्रभाग कोणता घ्यायचा हा प्रश्न येतो, आणि इथे घाई नको. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातली ऐक्याची प्रार्थना सगळ्यांना पाठ असते. ती वाचली की खोलीत गोड शांतता पसरते आणि काम तिथेच थांबतं. आम्ही प्रेषित पौलाने रोममधल्या मंडळ्यांना लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायापासून सुरू करतो, कारण तिथे भांडण उघड आहे. त्या पत्रामागची हकिगत अभ्यासक साधारण अशी सांगतात. सम्राट क्लौद्याने इ.स. ४९ च्या सुमारास यहुद्यांना रोममधून घालवलं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे यहुदी जोडपं करिंथात आलं ते त्याच हुकमामुळे, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. ५४ मध्ये क्लौद्य मेला आणि घालवलेली माणसं परत येऊ लागली. तोवर रोममधल्या मंडळ्यांचा कारभार परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले, विश्वासी पाहत होते. परतलेल्यांना आपलीच मंडळी अनोळखी वाटली. पौलाने ५७ च्या आसपास लिहिलं ते या माणसांना. बाहेरून भांडण ताटातल्या मांसाचं आणि सणावारांचं होतं, आत मात्र राजाच्या हुकमाने कोणाला घर सोडावं लागलं आणि कोण मागे राहिलं याचा सल होता. हा संदर्भ सांगितला की ‘त्या काळी खाण्यापिण्याचे वाद होते, आमचे प्रश्न गंभीर आहेत’ हे पालुपद बंद होतं.

या अध्यायातली सर्वात उपयोगी गोष्ट म्हणजे पौल दोन बाजूंची दोन वेगळी पापं सांगतो. एक बाजू दुसरीला तुच्छ लेखते आणि दुसरी पहिलीला दोष लावते. जो स्वतःला मोकळा, जाणता समजतो तो समोरच्याला अडाणी ठरवतो. जो स्वतःला निष्ठावान समजतो तो समोरच्याला भ्रष्ट ठरवतो. मंडळीतले दोन गट कोणतेही असोत, बहुधा एकाकडे हे असतं आणि दुसऱ्याकडे ते. ‘आमच्या बाजूकडे यातलं कोणतं आहे?’ हा प्रश्न वडिलांच्या पहिल्या बैठकीला पुरून उरतो. आणखी एक बारीक गोष्ट आहे. पौल स्वतःचं मत लपवत नाही. कोणताही पदार्थ मुळात अशुद्ध नाही, अशी आपली खात्री असल्याचं तो चौदाव्या वचनात स्पष्ट सांगतो. तरीही आपलं बरोबर असणं भावाच्या नाशाला कारण होऊ नये, हे त्याला जास्त मोलाचं वाटतं. मत नसलेली माणसं गोळा करून ऐक्य होत नाही, हे वडिलांना पटायला बहुधा इथूनच सुरुवात होते.

शास्त्रभागांची फेकाफेक मात्र पहिल्याच दिवशी थांबवावी. सत्तेवर असलेल्यांचे समर्थक रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय काढतात, विरोधक प्रकटीकरणाचा तेरावा. एकात अधिकारी देवाचा सेवक आहे, दुसऱ्यात सत्ता समुद्रातून वर येणारं श्वापद आहे. सरकार बदललं की हेच लोक वचनं अदलाबदल करून घेतात. दोन्ही अध्याय एकाच पवित्र शास्त्रात आहेत, म्हणून आम्ही ते एकाच बैठकीत एकापाठोपाठ वाचतो. प्रत्येकाने आपल्याला अडचणीचा वाटणारा अध्याय मोठ्याने वाचायचा.

यानंतर करार. एक पान, सहा वाक्यं, याहून मोठा करू नये. मोठा झाला की तो नियमावली बनतो आणि लोक पळवाटा शोधू लागतात. वाक्यं साधारण अशी असतात. इथे ऐकलेलं मी नाव घेऊन बाहेर सांगणार नाही. दुसऱ्याचं मत त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते कोणाला सांगणार नाही. ‘खरा ख्रिस्ती असं मत देणारच नाही’ हे वाक्य, किंवा तोच अर्थ निघेल असं काही, मी बोलणार नाही. मंडळीच्या मेसेज ग्रुपवर प्रचाराचं काही पाठवणार नाही, दुसऱ्याकडून आलेलंही नाही. दुखावलो तर आठवड्याच्या आत त्या माणसालाच सांगेन, तिसऱ्याला नाही. आणि मंडळी सोडावीशी वाटली तर सोडण्यापूर्वी बोलेन.

हे सहावं वाक्य बाकी पाचांपेक्षा जास्त कामाचं आहे. गप्प होऊन जाणाऱ्याला त्याने एक दार मिळतं. कराराला सभेत हात वर करून संमती घेऊ नये. हात सगळेच वर करतात. पान घरी द्यावं, आठवडा जाऊ द्यावा आणि सही करायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. काही जण करत नाहीत. त्यांना बैठकीला बसू द्यावं, फक्त पाचवं वाक्य मोठ्याने वाचून दाखवावं. आपल्या पाठीमागे बोललं जाणार नाही हे कळलं की बरेच जण पुढच्या वेळी सही करतात.

आता मंडळीतल्या बैठका. त्या चालवणारे सूत्रधार दोन हवेत, वेगळ्या कलाचे, आणि दोघांचा एकमेकांवर विश्वास हवा. पाळकाने सूत्रधार होऊ नये. कोणाचं मत कुठे झुकतं हे पाळकाला कळलं की माणसं सावध बोलू लागतात, कारण हाच माणूस उद्या त्यांच्या आजारपणात उशाशी बसणार असतो, मुलांची लग्नं लावणार असतो. पाळकाने गटात इतरांसारखं बसावं, आपल्या पाळीला बोलावं, शेवटी प्रार्थना चालवावी. काही पाळकांना हे जड जातं. त्यांची गैरसोय मंडळीला परवडते.

गट सहा ते आठ जणांचा. प्रत्येक कलाचे निदान दोघे. पती-पत्नी वेगळ्या गटात, तरुण मुलं आईवडिलांच्या गटात नाहीत. खुर्च्या गोलात, मध्ये टेबल नको, टेबल आलं की लोक त्यावर कागद मांडतात आणि कागदांत आकडेवारी असते. बैठक दीड तासाची, एकूण चार, दोन बैठकांत दोन आठवड्यांचं अंतर. आठवड्याचं अंतर कमी पडतं. राग निवायला आणि ऐकलेलं मुरायला वेळ लागतो.

पहिल्या बैठकीत मत कोणाचं कोणाला हा विषयच काढायचा नाही. प्रश्न एकच: तुमच्या आयुष्यात असं काय घडलं की सार्वजनिक जीवनातला एखादा प्रश्न तुम्हाला जिव्हाळ्याचा वाटू लागला? प्रत्येकाला तीन मिनिटं, घड्याळ लावून, आणि प्रत्येकानंतर अर्धा मिनिट शांतता. आठ जणांची एक फेरी अर्ध्या तासात होते. दुसऱ्या फेरीत ऐकलेल्यापैकी काय मनात राहिलं एवढंच सांगायचं. कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाचा मुलगा सैन्यात असतो, कोणाला औषधोपचारासाठी कर्ज काढावं लागलेलं असतं, कोणाला परक्या देशात कागदपत्रांसाठी रांगेत उभं राहावं लागलेलं असतं. मत या सगळ्याच्या पुढे कुठेतरी असतं. इथे हमखास बिघडतं ते वाचन दांडगं असलेल्या माणसामुळे. तो अनुभवाऐवजी अर्थव्यवस्था सांगू लागतो. त्याला अडवायला एकच वाक्य पुरतं: ‘हे तुमच्यापर्यंत कसं आलं ते सांगा.’ दोनदा म्हणावं लागतं. तिसऱ्यांदा तो बहुधा थांबतो, आणि कधीकधी त्याच्या तीन मिनिटांतली उरलेली वेळ शांततेतच जाते. ती भरून काढायला धावू नये.

दुसरी बैठक सगळ्यात अवघड आणि सगळ्यात फळ देणारी. जोड्या पाडायच्या, वेगळ्या कलाच्या. एकाने पाच मिनिटं बोलायचं, एका प्रश्नावर त्याचं म्हणणं काय आणि का. दुसऱ्याने ऐकायचं, लिहून घ्यायचं नाही, आणि नंतर तीन मिनिटांत ते परत सांगायचं. बोलणारा म्हणाला ‘हो, हेच’ तर झालं. ‘अजून राहिलं’ म्हणाला तर पुन्हा. पहिल्या प्रयत्नात हे क्वचितच जमतं, दुसऱ्या-तिसऱ्यात जमतं. मग अदलाबदल.

यात दोन शब्दांवर बंदी घालावी लागते: ‘म्हणजे’ आणि ‘पण’. परत सांगताना वाक्य ‘म्हणजे’ने सुरू झालं की पुढे येतो तो समोरच्याच्या बोलण्यावर काढलेला आरोप: म्हणजे तुमच्या मते गरिबांनी मरावं, म्हणजे तुम्हाला देशाचं काही पडलेलं नाही. ‘पण’ आला की ऐकणं संपलेलं असतं आणि उत्तर सुरू झालेलं असतं. परत सांगण्याची सुरुवात ‘तुम्ही म्हणालात की’ याच शब्दांनी करायला लावावी. शाळेतल्या धड्यासारखं वाटतं, पहिल्या पाच मिनिटांत लोक हसतातही. हसू द्यावं. याकोबाच्या पत्रातलं ऐकायला तत्पर आणि बोलायला धिमं असण्याचं वचन सगळ्यांना पाठ असतं. ते करायला किती जड आहे हे अनेकांना इथे पहिल्यांदा कळतं.

या बैठकीत रडू येणारी माणसं असतात, आणि ती बहुधा बोलताना रडत नाहीत. आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून जसंच्या तसं ऐकताना रडतात. सूत्रधाराने तेव्हा सांत्वन करायला उठू नये. समोरचा बसलेला असतो, ते त्याचं काम.

मत बदलेल या आशेने जे या बैठकीला बसतात त्यांना ती व्यर्थ वाटते. सहसा कोणाचं मत बदलत नाही. बदलते ती समोरच्याच्या हेतूबद्दलची खात्री.

तिसऱ्या बैठकीचा प्रश्न असा: तुम्ही ज्यांना मत देता त्यांच्याबद्दल तुम्हाला स्वतःला काय खुपतं? सूत्रधारांनी आधी बोलायचं, दोघांनीही, दोन-दोन मिनिटं. त्यांनी थातुरमातुर काही सांगितलं तर बाकीचेही तसंच सांगतात. नियम एक आणि तो पोलादी: या बैठकीत कोणी कोणाला प्रतिसाद द्यायचा नाही. नाहीतर एका बाजूने दिलेली कबुली दुसरी बाजू लगेच शस्त्र म्हणून उचलते. ‘बघा, तुम्हीच म्हणालात’ एवढे तीन शब्द सहा आठवड्यांचं काम धुऊन टाकतात. असं घडलंच तर बैठक तिथेच थांबवून प्रार्थनेने संपवावी आणि बोलणाऱ्याला पुढच्या बैठकीआधी एकट्याला भेटावं. चौथ्या बैठकीत एकमेकांसाठी नाव घेऊन प्रार्थना असते आणि वेगळ्या कलाच्या जोडीने काही महिने करायचं एखादं काम ठरतं: आजाऱ्यांची भेट, मुलांचा वर्ग, इमारतीची देखभाल. काम खरोखर गरजेचं असावं. दाखवण्यापुरतं काढलेलं काम पंधरा दिवसांत बंद पडतं.

आता या सगळ्याचा धोका. ‘ख्रिस्तात आपण सगळे एक आहोत’ हे वाक्य कोण कोणाला म्हणतं याकडे फार बारकाईने पाहावं लागतं. ज्याच्यावर एखाद्या धोरणाची थेट झळ बसली आहे त्याला हे वाक्य ज्याला झळ बसली नाही तो ऐकवत असेल, तर त्याचा अर्थ ‘गप्प बस’ एवढाच. ‘मंडळीत राजकारण आणू नका’ हेही तसंच. असं म्हणणाऱ्याचं स्वतःचं राजकारण बहुधा आधीच मंडळीत, अगदी पुलपिटवर, आरामात बसलेलं असतं.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण आम्ही प्रत्येक सूत्रधाराला सांगतो. तिथल्या डच रिफॉर्म्ड मंडळीच्या केपमधल्या सिनडने, म्हणजे तिथल्या धर्मसभेने, १८५७ साली गोऱ्या आणि काळ्या विश्वासणाऱ्यांना वेगळं बसून उपासना करायला परवानगी दिली. कारण नोंदवलं ते ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’. दुर्बलांना सांभाळून घ्या, हा रोमकरांस पत्राच्या त्याच चौदाव्या अध्यायातला पौलाचा शब्द. इथे दुर्बल ठरले ते दुसऱ्याशेजारी बसायला तयार नसलेले, आणि त्यांना सांभाळण्याची किंमत ज्यांना बाजूला बसवलं त्यांनी मोजली. ती सवलत पुढे रीत झाली, आणि १८८१ मध्ये वेगळी मिशन मंडळीच स्थापन झाली. त्याच वेगळ्या काढलेल्या मंडळीने १९८२ मध्ये बेलहार कबुलीचा, म्हणजे आपल्या विश्वासाच्या जाहीर निवेदनाचा, मसुदा तयार केला आणि १९८६ मध्ये ती स्वीकारली. ऐक्य, समेट आणि न्याय असे तिचे तीन भाग आहेत, आणि ते एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. हिटलरच्या जर्मनीत मे १९३४ मध्ये बार्मेनला जमलेल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या प्रतिनिधींनाही हेच करावं लागलं. मंडळीने राज्याचं हत्यार व्हावं या मागणीला त्यांनी ‘नाही’ म्हटलं, ऐक्य बिघडेल म्हणून गप्प बसले नाहीत.

त्यामुळे आम्ही दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. कर किती असावा, सीमेचं काय करावं, कोणता उमेदवार कमी वाईट, हे मतभेद, ते गोलात बसून ऐकायचे. मंडळीतल्याच कोणाचा अपमान झाला, कोणाला त्याच्या वंशावरून किंवा जन्मावरून बोललं गेलं, तर ती इजा आहे आणि तिला गोल चालत नाही. तिथे मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम: आधी एकट्याने जाऊन बोलणं, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. ज्याला इजा झाली तो दुबळा असेल तर त्याला एकट्याने पाठवू नये, पहिल्या पावलालाच सोबत द्यावी. समेटाची घाई बहुतेक वेळा इजा करणाऱ्याला आणि बघ्यांनाच असते.

क्षमा मागण्याचेही भाग आहेत आणि त्यातला एक गळला तर बाकीचे फुकट जातात. मी काय केलं, ते नेमक्या शब्दांत. त्याने तुझं काय झालं, जसं तू सांगितलंस तसं. मी काय भरून देणार. आणि कुठेही ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ नाही. चूक ग्रुपवर झाली असेल तर क्षमाही ग्रुपवर, चूक दोघांत झाली असेल तर दोघांत. समोरच्याने तिथल्या तिथे ‘झालं गेलं’ म्हणावं ही अपेक्षा ठेवू नये.

मेसेज ग्रुपबद्दल थोडक्यात. सूचनांचा ग्रुप वेगळा, त्यावर फक्त दोन-तीन जणांना लिहिता यावं. प्रचाराचं काही आलंच तर ग्रुपवर उत्तर देऊ नये. ठरलेल्या एका माणसाने त्याच दिवशी फोन करावा, लिहू नये, आणि ते काढून टाकायची विनंती करावी. दोन्ही बाजूंच्या मजकुराला हाच नियम, नाहीतर नियम नसलेला बरा.

प्रार्थनेतून होणारी जखम खोल असते, कारण तिला उत्तर देता येत नाही. ‘प्रभू, भरकटलेल्यांचे डोळे उघड’ असं कोणी प्रार्थनासभेत म्हणतं आणि कोण भरकटलंय हे सगळ्यांना कळतं. निवडणुकीच्या काळात मध्यस्थीची प्रार्थना लिहून आणावी. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे. नावं घ्यायची तर सगळ्या मुख्य उमेदवारांची, सारख्याच शब्दांत, नाहीतर कोणाचंच नाही. लिहिलेली प्रार्थना वेगळ्या कलाच्या एकाने आधी वाचून पाहावी. लिहिणाऱ्याला न दिसलेलं त्याला दिसतं.

मतदानाच्या आदल्या रविवारी मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याने दिलेला सल्ला वाचायला चांगला. ६ ऑक्टोबर १७७४ च्या रोजनिशीतल्या नोंदीत तो लिहितो की मतदान करणाऱ्या आपल्या सभासदांना त्याने तीन गोष्टी सांगितल्या: ज्याला सर्वांत योग्य समजता त्याला काही न घेता मत द्या, ज्याच्या विरोधात मत दिलं त्याच्याबद्दल वाईट बोलू नका, आणि दुसऱ्या बाजूला मत देणाऱ्यांविषयी मन धारदार होऊ देऊ नका. एका मिनिटात वाचून होतो आणि वेगळ्या प्रवचनाची गरज उरत नाही.

मतदान संपल्यावर त्याच संध्याकाळी प्रभुभोजन ठेवण्याची प्रथा अमेरिकेत २०१२ च्या निवडणुकीत मेनोनाइट या प्रोटेस्टंट पंथाच्या काही पाळकांनी सुरू केली आणि इतर पंथांच्या अनेक मंडळ्यांनी ती उचलली. वेळ महत्त्वाची: मतदान संपलेलं आणि निकाल अजून लागायचा. चाळीस मिनिटं पुरतात. प्रवचन नको, मोबाइल बाहेर. भाकर आणि प्याला वाटणाऱ्या दोघांचा कल वेगळा असावा, पण ते जाहीर करू नये. कोणाला माहीत असेल त्याला दिसेल. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात ‘एकमेकांची वाट पाहा’ म्हटलं आहे, तेव्हा शेवटचा माणूस भाकर घेईपर्यंत सगळे ती हातात धरून थांबतात. ज्याला शेजारच्यावरच्या रागाने घेववत नसेल त्याने न घेता बसून राहिलं तरी चालतं. त्याच्याकडे वळून कोणी पाहायचं नाही, एवढं आधी सांगून ठेवावं.

निकालानंतरचा रविवार त्याहून जोखमीचा. मंडळीत जिंकलेलेही असतात, हरलेलेही. निकालाबद्दल उपकारस्तुती करू नये आणि विलापही करू नये. विजयाची गाणी त्या दिवशी बाजूला ठेवावीत, एखादं साधं विश्वासाचं गीत घ्यावं. ‘देव सिंहासनावर आहे’ हे खरं आहे, पण जिंकलेल्याने ते हरलेल्याला सांगायचं नाही. हरलेल्याने स्वतःला सांगितलं तर चालतं. पहिलं पाऊल जिंकलेल्यांनी टाकायचं, हे आम्ही करारासोबतच ठरवून ठेवतो: गटातल्या जोडीदाराला दोन दिवसांच्या आत फोन, निकालाबद्दल एकही वाक्य नाही, ‘कसे आहात’ एवढंच. हरलेल्यांकडून ताबडतोब हसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा करू नये.

तरीही काही जण जातात. सलग दोन रविवार कोणी दिसलं नाही की भेट द्यावी. सहा आठवडे थांबलं तर तोवर त्याने मनात निरोप घेतलेला असतो. भेटायला त्याच्या कलाचा एक आणि दुसऱ्या कलाचा एक असे दोघं जावेत, कळवून जावेत. मन वळवायला नाही, ऐकायला. त्याने सहावं वाक्य पाळलं, येऊन बोलला आणि तरी जायचं म्हणाला, तर त्याच्यासाठी उपासनेत नाव घेऊन आशीर्वाद मागावा, त्याची तयारी असेल तर समोर उभं करून. दुसऱ्या मंडळीच्या पाळकाला तो मागेल तेव्हा चांगलं पत्र द्यावं. पत्रात कारण लिहू नये.

बैठका संपल्यावर सूत्रधारांच्या टिपा आणि ती पहिली वही फाडून टाकायची, दोघांनी एकमेकांसमोर. कराराचं पान तेवढं ठेवायचं, त्याच्या खाली पुढच्या वाचनाची तारीख टाकून. आम्ही ती मतदानापासून सहा महिन्यांवर ठेवतो, कारण तोवर पुढची निवडणूक कोणाच्या डोक्यात नसते आणि जोड्यांनी घेतलेलं काम चालू आहे की बंद पडलं हे कळलेलं असतं.